चावी घरात, गाडी गायब: घोडबंदर रोडवरच्या एका चोरीचा अभ्यास

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलातल्या जोडप्याची पुश बटण स्टार्टची एसयूव्ही जुलैतल्या एका पावसाळी रात्री चोरीला गेली. एक चावी घरात होती, दुसरीही घरातच आहे असं दोघांना वाटत होतं. गाडी जेमतेम सव्वादोन वर्षांची, कर्जाचे हप्ते चालू, विमा चालू. मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचा माणूस. वागळे इस्टेटमध्ये माझं वर्कशॉप आहे आणि हे घर माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणून गाडीमालक दादांनी पोलिसांपाठोपाठ मला फोन केला. पुढे तपास, विमा आणि नव्या गाडीची खरेदी होईपर्यंत मी सोबत होतो. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, हे प्रकरण मांडतो आहे.

मांडायचं कारण असं की चोरीची बातमी पसरली आणि संकुलातल्या बहुतेकांनी चावी ठेवायची सिग्नल अडवणारी पाकिटं मागवली. पाकीट वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण ही गाडी त्या वाटेने गेलीच नव्हती. गाडी कुठल्या वाटेने गेली हे कळल्याशिवाय कुलूप कुठे लावायचं हे ठरत नाही, आणि तेवढा विचार करायला कुणी थांबत नाही.

पहिली सकाळ

संकुलाच्या पोडियमवर वॉटरप्रूफिंग चाललं होतं, त्यामुळे बऱ्याच गाड्या गेटबाहेर सर्व्हिस रोडला लागत होत्या. वहिनी रुग्णालयात नर्स आहेत. सकाळच्या ड्युटीसाठी पावणेसहाला खाली उतरल्या तर गाडीची जागा रिकामी होती आणि साचलेल्या पाण्यात काचेचे बारीक दाणे पडले होते. त्यांनी दोन गोष्टी अगदी बरोबर केल्या. त्या दाण्यांचे फोटो काढले आणि वॉचमनला सांगितलं, "काका, इथे कुणाला झाडू मारू देऊ नका."

११२ वर फोन झाला. पोलीस ठाण्यात मात्र पहिलं उत्तर मिळालं, "दादा, टोइंगवाल्यांनी उचलली असेल, आधी वाहतूक चौकीत बघून या." तिथे बघून आल्यावर, "दोन दिवस आजूबाजूला शोधा, मग बघू." कोऱ्या कागदावर अर्ज देऊन पोचपावती घ्या, असंही सुचवलं गेलं. इथे दमू नका. वाहनचोरी हा दखलपात्र गुन्हा आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवावाच लागतो. हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येतो, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवून तीन दिवसांत सही करता येते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावी लागते. नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठवता येते. दादांनी आवाज चढवला नाही. काचेचे फोटो दाखवले आणि म्हणाले, "साहेब, टोइंगवाले काच फोडून गाडी नेत नाहीत." दुपारच्या आत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदला गेला.

एफआयआरचा मजकूर सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचायला मी त्यांना सांगितलं होतं. पहिल्या मसुद्यात "चावी बहुधा गाडीत राहिली असावी" असं एक वाक्य आलं होतं. कुणी मुद्दाम घातलं असेल असं मी म्हणत नाही, लिहिणाऱ्याच्या हातवळणाचा भाग असतो. पण त्या एका वाक्यावर विमा कंपनी दावा अडवू शकते. ते काढून "दोन्ही चाव्या माझ्या ताब्यात आहेत, घटनास्थळी काचेचे तुकडे मिळाले" असं लिहून घेतलं. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून अंक तपासून घातले. काचेचे दाणे पंचनामा करून जप्त झाले.

त्याच सकाळी कंपनीच्या कनेक्टेड ॲपवर गाडीचं शेवटचं ठिकाण दिसत होतं: नागला बंदरच्या आसपास, गायमुखच्या दिशेने. त्यानंतर काही नाही. स्क्रीनशॉट तपास अधिकाऱ्यांना दिला. फास्टॅग लगेच बंद करू नका, हा माझा आग्रह होता. गायमुखवरून पुढे फाउंटनला अहमदाबाद महामार्ग लागतो, गाडी खानिवडे किंवा चारोटीच्या नाक्यावरून गेली तर मेसेज येईल. मेसेज आला नाही. टॅग काचेवरून उपटून टाकला असणार. तरीही वाट बघण्यात काही गमावलं नाही, पोलिसांना सांगून नंतर बंद केला. ॲपचा पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदलायला हवा, कारण गाडीच्या स्क्रीनमध्ये घराचा पत्ता आणि फोनमधले नंबर असतात.

कॅमेऱ्याने काय सांगितलं

संकुलाचा कॅमेरा गेटपुरता होता. समोरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा मात्र सर्व्हिस रोड दाखवत होता. डीव्हीआरवर जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून दुकानदाराला त्याच दिवशी विनंती केली आणि पोलिसांकडून पत्रही दिलं. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे पुरावा नव्हे. मूळ फाईल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं. दुकानदार भला माणूस, त्याने दोन्हीला मदत केली.

चित्रणात ३ वाजून ७ मिनिटांनी दिवे बंद केलेली एक पांढरी गाडी थांबते. रेनकोट घातलेला एकजण ड्रायव्हरच्या बाजूला वाकतो, आमच्या गाडीचे इंडिकेटर लुकलुकू लागतात आणि पांढरी गाडी निघून जाते. वॉचमनला हूटर ऐकू आला होता. पण विजा कडाडल्या की दोन-चार गाड्यांचे हूटर वाजतातच, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. ३ वाजून १९ मिनिटांनी पांढरी गाडी परत येते. कुणी खाली आलं का हे बघायला मधला वेळ सोडला होता. या खेपेला इंडिकेटर लागतात, आवाज मात्र कुणालाच आला नाही. हूटरची वायर पहिल्या फेरीतच तोडली असावी. माणूस फुटलेल्या काचेतून आत जातो, सात मिनिटं काहीच हलत नाही, मग मागचे ब्रेकचे दिवे लागतात, हेडलाइट पेटतात आणि गाडी शांतपणे गायमुखकडे निघते.

ती सात मिनिटं हीच या प्रकरणाची गुरुकिल्ली.

तीन वाटा, आणि त्यातली एक

सेन्सर चावीच्या (चावी खिशात असली तरी दार उघडणाऱ्या) गाड्या चोरायच्या मुख्य तीन पद्धती आहेत, आणि प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या.

पहिली, सगळ्यांना ठाऊक असलेली, सिग्नल लांबवण्याची. हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झचा एक क्षीण सिग्नल सोडते. तो मीटर-दीड मीटरच पोहोचतो. चावीला तो मिळाला की ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते आणि दार उघडतं. गाडीची समजूत अशी की चावीला माझा क्षीण सिग्नल मिळाला म्हणजे ती जवळच आहे. चोर दोघे असतात. एक गाडीपाशी, दुसरा चावीच्या जवळ, आणि मधला सिग्नल ते यंत्राने एकीकडून दुसरीकडे पोहोचवतात. कोड फोडावा लागत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं. एकदा इंजिन सुरू झालं की चावी दूर गेली तरी ते बंद पडत नाही, कारण चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं. चोराला तेवढं पुरतं.

पण या पद्धतीत दार आपणहून उघडतं, काच फोडायची गरज पडत नाही. शिवाय दुसऱ्या माणसाला चावीपासून काही मीटरांच्या आत यावं लागतं. यांचं घर सातव्या मजल्यावर, चावी बेडरूमच्या कपाटात. आम्ही लिफ्टच्या कॅमेऱ्यातलं रात्रभराचं चित्रण पाहिलं, कुणी परकं वर आलं नव्हतं. जिन्याच्या दाराला रात्री कुलूप असतं. म्हणजे ही वाट नाही. जाता जाता सांगतो, आपल्याकडे बहुतेकांच्या चाव्या मुख्य दाराशेजारच्या खिळ्याला लटकतात. लॉबीत दारापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला ती चावी हाताच्या अंतरावर असते. खारघर-नेरुळच्या तळमजल्याच्या रो हाउसमध्ये तर खिडकीबाहेर उभं राहिलं तरी पुरे.

दुसरी वाट गाडीच्या आतल्या वायरिंगची. २०२२ मध्ये लंडनमध्ये इयन टेबर या सायबर सुरक्षा तज्ज्ञाचीच टोयोटा रॅव्ह-४ चोरीला गेली. त्याआधी दोनदा कुणीतरी बंपर ओढून हेडलाइटचं कनेक्शन काढून ठेवलं होतं. टेबर आणि केन टिंडेल यांनी छडा लावला. चोर हेडलाइटच्या कपलरमधून, म्हणजे वायरींच्या जोडातून, गाडीचे भाग ज्यावरून एकमेकांना संदेश पाठवतात त्या कॅन वायरिंगमध्ये शिरतात आणि "चावी बरोबर आहे" असा खोटा संदेश आतूनच सोडतात. याची खूण म्हणजे बंपर किंवा चाकावरचं प्लास्टिक उचकटलेलं दिसणं. असं दिसलं तर पोरांचा खोडसाळपणा समजून सोडून देऊ नका. आमच्या गाडीच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं, चित्रणात कुणी पुढच्या चाकापाशी रेंगाळलेलं नाही.

तिसरी वाट स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटची. आम्ही मेकॅनिक स्कॅनर लावतो ते हेच सॉकेट. चावी हरवली तर याच सॉकेटमधून गाडीला नवी चावी शिकवली जाते, आणि त्या कामाची टॅबलेटसारखी यंत्रं बाजारात मिळतात. दिल्लीच्या परिसरात पकडलेल्या टोळ्यांकडे हीच यंत्रं सापडल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. काच फोडा, आत शिरा, यंत्र लावा, कोरी चावी शिकवा, बटण दाबा. आमची फुटलेली काच, सात मिनिटांची शांतता आणि मग अगदी नेहमीसारखी सुरू झालेली गाडी या तिन्ही गोष्टी इथे जुळतात.

जुन्या गाडीत चोराला चावीचं भोक तोडावं लागे, स्टिअरिंगचं लॉक मोडावं लागे, चावीतल्या चिपचा प्रश्न वेगळा. बटणाच्या गाडीत नवी चावी ओळखली गेली की सगळी कुलपं एकदम मान्य करतात. आणि ही चावी शिकवताना मूळ चाव्या कपाटात आहेत की पाकिटात, याला काडीचाही अर्थ उरत नाही.

विम्याचा प्रवास

विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल केला. उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही. एफआयआर तत्काळ झालेला असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. पण वाद उभा राहू देण्यापेक्षा ईमेल सोपा.

कंपनीच्या तपासनिसाने पहिल्याच भेटीत दोन्ही चाव्या मागितल्या. इथे घाम फुटला, कारण दुसरी चावी कपाटात नव्हती. ती वहिनींच्या माहेरी चिपळूणला राहिल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. भावाने कुरियर न करता स्वतः आणून दिली. दुसरी चावी दाखवता न येणं हे दावा लोंबकळण्याचं मोठं कारण आहे. चावी गाडीत ठेवण्याचा निष्काळजीपणा झाला तरी अनेकदा दावा पूर्ण बुडत नाही. चालक चावी तशीच सोडून उतरला आणि ट्रक गेला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. पण तिथवर पोहोचायला किती वर्षं आणि किती खर्च लागतो याचा विचार करा. तुमची दुसरी चावी कुठे आहे, आज रात्री बघा.

कागदांचा ढीग झाला: एफआयआर, आरसी, आरटीओला दिलेल्या चोरीच्या सूचनेची पोच, मालकी बदलाच्या कामाचे सह्या केलेले फॉर्म २८, २९, ३०, कर्जाची नोंद काढायचा बँकेचा फॉर्म ३५, हक्क हस्तांतराचं पत्र. आरटीओची सूचना केवळ विम्यासाठी नसते. नोंदीवर चोरीचा शेरा पडला की गाडी दुसऱ्याच्या नावावर करणं अवघड होतं, आणि तुमच्या नंबराच्या पाटीवर कुणी चलान ओढवलं तर तुमच्याकडे उत्तर असतं. सगळ्यात जास्त वेळ लागला तो "अ समरी"ला. गुन्हा खरा, पण छडा लागला नाही, असा पोलिसांचा अहवाल न्यायालयात जातो आणि तिथे मंजूर व्हावा लागतो. तपासाची प्रगती तक्रारदाराला ९० दिवसांत कळवणं नव्या संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे. दादांनी ते नम्रपणे लेखी आठवण करून मागितलं, आणि फाईल हलली ती त्यानंतरच.

या काळात हप्ते थांबवू नका. गाडी नसली तरी कर्ज आहे, आणि दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. रक्कम मिळते ती पॉलिसीत लिहिलेल्या आयडीव्हीएवढी, म्हणजे विम्यासाठी ठरलेल्या गाडीच्या किमतीएवढी, त्यातून सक्तीची एक-दोन हजारांची वजावट. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा धरतात. इनव्हॉइस किंमत परत देणारी जोड त्यांनी नूतनीकरणात वगळली होती. कर्ज फेडल्यावर हातात आलं ते नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला जेमतेम पुरलं. नवी गाडी घेतली तोवर जुनी सापडलेली नव्हती. आता सापडली तरी ती विमा कंपनीची.

पुन्हा होऊ नये म्हणून

नव्या गाडीसाठी बसलो तेव्हा मी एकच क्रम धरला: ज्या वाटेने गाडी गेली ती वाट आधी बंद.

ओबीडी सॉकेटवर कुलूपबंद पोलादी झाकण बसवलं. चोर वायर खेचून दुसरीकडून जोडू शकतो हे मला ठाऊक आहे, पण सात मिनिटांची वीस झाली तर बहुतेक जण दुसरी गाडी बघतात. त्याच कारणाने ओबीडीत खोचायचा जीपीएस ट्रॅकर मी कुणाला घेऊ देत नाही. चोर आपलं यंत्र लावायला सगळ्यात आधी तोच उपटतो. ट्रॅकर हवाच तर स्वतःची बॅटरी असलेला, डॅशबोर्डपासून दूर दडवलेला. सिग्नल दाबून टाकणाऱ्या जॅमरपुढे तोही काही काळ मुका होतो, म्हणून ट्रॅकरला मी कुलूप मानत नाही. तो शोधाशोधीचं साधन.

माझा भरवसा आहे तो इंधन पंपाच्या सर्किटमधल्या लपवलेल्या स्विचवर. चावी कितीही शिकवा, पंपाला वीज नाही तर इंजिन चालत नाही. पण दोन अटी. स्विचने फक्त सुरू होणं अडवावं, चालत्या गाडीचं इंधन तोडू नये, नाहीतर महामार्गावर जीव जाईल. आणि काम कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कापाकापी न करता, कपलरने, बिलासह करून घ्यावं. वॉरंटीचा प्रश्न आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावा. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळते. सूट किरकोळ आहे, पण उपकरणाची नोंद पॉलिसीवर होते हे महत्त्वाचं.

स्टिअरिंगवरचा पिवळा दांडा वहिनींना आधी जुनाट वाटला. तो बाहेरून दिसतो, हीच त्याची किंमत. इलेक्ट्रॉनिक यंत्र त्याच्याशी बोलू शकत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर लिव्हरचं लॉकही मिळतं.

पाकीटही घेतलं, कारण पहिली वाट बंद ठेवायला तेच स्वस्त. पण घेतल्यावर तपासा: चावी पाकिटात घाला, गाडीला चिकटून उभे राहा, दार उघडतं का बघा. आतलं अस्तर घडीवर फाटतं, म्हणून अधूनमधून हीच चाचणी पुन्हा करायची. दुसरी चावीही पाकिटातच. काही गाड्यांत सेटिंगमधून हँडलचं सेन्सर उघडणं बंद करता येतं, काही चाव्या हलल्या नाहीत तर आपोआप झोपतात. सिग्नलला लागलेला वेळ मोजून अंतर ठरवणाऱ्या अल्ट्रा वाइडबँड चाव्या या पद्धतीपुढे टिकतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे सिग्नल फिरवून आणला की उशीर पकडला जातो. पण त्यासुद्धा ओबीडीचं दार बंद करत नाहीत.

मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोट दाबून पाठ फिरवू नका, हँडल ओढून बघा. जॅमर चालू असेल तर गाडी लॉकच झालेली नसते.

संकुलाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागितल्या आणि दोन मिळाल्या: सर्व्हिस रोडकडे तोंड केलेला एक कॅमेरा, आणि हूटर वाजला की वॉचमनने जाऊन टॉर्च मारायची सूचना. मजल्यांवरच्या लॉबीतले कॅमेरे खर्चामुळे अडले आहेत.

गाडी निवडताना वहिनींनी शोरूममध्ये रंग आणि सनरूफ बाजूला ठेवून विचारलं, "या गाडीला नवीन चावी शिकवायला काय काय लागतं?" विक्रेत्याला उत्तर येईना. त्याने सर्व्हिस मॅनेजरला बोलावलं. त्यांनी सांगितलं की या मॉडेलला कंपनीच्या सर्व्हरची ऑनलाइन परवानगी मिळाल्याशिवाय नवी चावी जोडली जात नाही. वहिनी म्हणाल्या, "हे मला ईमेलवर द्या." बुकिंगचे पैसे त्यांनी ईमेल आल्यावरच भरले.